इस्त्रीखालचं गाणं

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि तिनं जन्मात कुणाला कधी अ-आ-इ शिकवलं असेल तर शपथ. शर्टांचा कारखाना, त्यातला इस्त्रीचा विभाग, आणि त्यातही तिच्याकडे फक्त कॉलरी. सकाळी कॉलर, दुपारी कॉलर, संध्याकाळी कॉलर. पण सिनेमा असो, गाणं असो, नाहीतर पुस्तक असो, तिच्यापुढे नाव निघालं की बाई ते पास नाहीतर नापास करून मोकळी व्हायची. काठावर पास हा प्रकार तिला मान्यच नव्हता. "बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही, असं म्हणणारी माणसं भित्री असतात," असं ती तोंडावर सांगायची.

मतं पण कशी, एकेक ठणठणीत. शेवटी बाई मरते आणि मग तिच्या नवऱ्याला अक्कल येते, असा सिनेमा नापास. "ती जिवंत असताना अक्कल यायला काय झालं होतं त्याला? तिकीट पडत होतं?" नायक चिखलात लोळतो, गुंडांनाही लोळवतो, आणि उठतो तेव्हा कॉलर कडक, तो सिनेमा तर डोळे मिटून नापास. "मी इथं मर मर मरते तेव्हा एक कॉलर उभी राहते, आणि ह्याची चिखलात उभी राहते होय?" ज्या पुस्तकातली माणसं पोटासाठी काय करतात ते लेखक सांगत नाही, ते पुस्तक ती अर्ध्यात मिटायची. "नुसते खिडकीत बसून उसासे टाकतात मेले. ह्यांच्या घरी भांडी कोण घासतं ते आधी सांगा, मग रडा." पुस्तकाचा शेवट मात्र ती आधी वाचायची, आणि हे कुणाला सांगायची नाही. शेवट कळला की मधलं सावकाश, चवीनं वाचता येतं, नाहीतर जीव टांगणीला लागतो आणि गॅसवरचं करपतं, असा तिचा अनुभव होता.

शेजारच्या टेबलावर शर्टांच्या घड्या घालणारी बाई तिची मैत्रीण. तिला सगळे घडीवाली म्हणत. घडीवालीला रडवणारं सगळं पास. कुत्रं हरवलेल्या सिनेमालाही ती दोन रुमाल घेऊन जायची. दोघींचं ह्यावरून रोज वाजायचं आणि डबा मात्र रोज एकत्र उघडायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मतं असलेल्या बाईनं सिनेमे किती बघितले असतील, पुस्तकं किती वाचली असतील. तर तिथंच सगळा आनंद होता. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि टीव्हीसमोर सासूबाई. संध्याकाळभर त्यांची मालिका. त्या मालिकेतली सून एकदा जिना उतरायला लागली की आठवडा जायचा, आणि खाली पोचेपर्यंत ती काय सांगायला निघाली होती ते तिलाही आठवायचं नाही. सासूबाईंचं झालं की टीव्ही नवऱ्याचा. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. माणूस कष्टाळू, दारू नाही, मारझोड नाही. पण त्याला सिनेमा लागायचा मारामारीचा, आणि तोही आधी बघितलेला. नटानं तोंड उघडायच्या आत ह्याचा संवाद म्हणून झालेला असायचा. त्याचं एक लाडकं गाणं होतं. त्यात ढोल, 'हे हे, हे हे' अशा आरोळ्या, आणि मध्ये कुणीतरी शिट्टी मारतं. ते लागलं की तो आवाज वाढवायचा आणि मांडीवर ताल धरायचा.

"हे गाणं आहे का दगड फोडायचं मशीन?" ती आतून विचारायची.

"तुझे कान नाजूक आहेत," तो हसत म्हणायचा, आणि आवाज आणखी थोडा वाढवायचा.

पुस्तक काढावं तर दिवा घालवायची वेळ झालेली असे, कारण त्याला पहाटे निघायचं असायचं आणि उजेडात त्याला झोप येत नसे. कारखान्यात जावं तर तिथं भिंतीवर स्पीकर, आणि त्यावर सुपरवायझरला आवडेल ते स्टेशन, निम्म्या जाहिराती. मतं सगळी हिची आणि बटणं सगळी दुसऱ्यांच्या हातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरात बोलावं तर सासूबाई म्हणायच्या, "तुला सगळ्यालाच नावं ठेवायची सवय," आणि मग ती तेही गिळायची.

जगात तिचं म्हणावं असं एकच गाणं होतं. लग्नाआधी थोरल्या बहिणीबरोबर तिनं एक सिनेमा बघितला होता. सिनेमा नापास. लोकांनीही त्याला नापासच केलं, लागला तसा उतरला. पण त्यात एक गाणं होतं. एक बाई एकटी बसून कुणाचे तरी कपडे पेटीत भरत असते आणि गात असते. ठेका साधा, चालणाऱ्या माणसाचा. गाणं निम्म्यावर आलं की सगळी वाद्यं गप्प होतात, गाणारी थांबते आणि श्वास घेते. तो श्वास ऐकू येतो. मग ती पुढचं कडवं उचलते. बास, एवढंच.

"बाकीच्या गाणाऱ्या श्वास घेत नाहीत का? घेतात, पण चोरून घेतात," थिएटरातून बाहेर पडताना ती बहिणीला म्हणाली होती. "ही एकटी उघड थांबली. म्हणाली, दम लागलाय मला, थांबा सगळे."

त्यानंतर ते गाणं तिनं पुन्हा ऐकलं नव्हतं. रेडिओवर लागायचं नाही, दुकानात कुणाला माहीत नव्हतं. तिच्याकडचा फोन बटणांचा, बोलण्यापुरता. पण डोक्यात ते शाबूत होतं, आणि कामाला असं बसलं होतं की विचारू नका. कॉलर टेबलावर घ्यायची, पायानं पेडल दाबायचं म्हणजे टेबल कापड ओढून धरतं, मग डावं टोक ते मध्य, उजवं टोक ते मध्य, उलटायची, पुन्हा तेच. सगळं त्या ठेक्यावर. आणि श्वासाची जागा आली की इस्त्री वर उचलायची, पाठ सरळ करायची आणि आपणही एक श्वास घ्यायचा. कुणाच्या लक्षात यायचं नाही. कुणाची परवानगी न घेता दिवसभरात तिला मिळणारी विश्रांती तेवढीच. हे गाणं तिनं कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं, घडीवालीलासुद्धा नाही. सांगितलं की कुणीतरी त्याला नापास करणार, आणि ते तिला सोसलं नसतं.

त्या वर्षी उन्हाळा असा पडला की इस्त्रीच्या विभागात उभं राहवेना. वाफेच्या नळ्या डोक्यावर, वाफ तोंडावर, खिडक्या उंच आणि बंद. सगळ्या बायकांनी मिळून पंखे मागितले. मॅनेजरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचार करतो म्हणाले. साहेबांच्या कानावर कुठून तरी आलं होतं की माणसाला त्याच्या आवडीचं गाणं ऐकवलं की त्याला उकाडा जाणवत नाही आणि हातही भरभर चालतो. झालं. पंखे मागितले, गाणी मिळाली.

सुपरवायझर टेबलाटेबलाशी जाऊन विचारू लागला. रोज एकीची आवड. पहिला मान घडीवालीला मिळाला. तिचं गाणं लागलं तसे सगळ्यांचे हात मंदावले, आणि ती स्वतः तर एका पांढऱ्या शर्टावर अशी रडली की तो पुन्हा इस्त्रीला पाठवावा लागला. दुसरीनं अंगाई सांगितली, तीही जेवणानंतर. आता ह्यावर काय बोलायचं? मग मास्तरणीची पाळी आली.

"बोला मास्तरीणबाई. तुमची निवड म्हणजे आम्हालाही जरा पास झाल्यासारखं वाटेल," सुपरवायझर म्हणाला.

शहाणी असती तर काहीतरी ठोकून मोकळी झाली असती. पण भूक वाईट. इतकी वर्षं ती ते गाणं डोक्यातल्या डोक्यात ऐकत आली होती, आणि अलीकडे तिला भीती वाटायला लागली होती की दुसऱ्या कडव्यातले काही शब्द आपणच घातलेले आहेत. एकदा खरं ऐकायला मिळालं तर? फक्त एकदा?

"माझं सापडायचं नाही तुम्हाला," ती म्हणाली.

"ओळ तरी सांगा."

तिनं हळू आवाजात पहिली ओळ म्हटली. त्यानं फोनवर बोटं फिरवली. तिच्या कपातला चहा संपायच्या आत त्यानं फोन तिच्या कानाला लावला, आणि आतून तीच बाई गात होती. हरवलं हरवलं म्हणून इतकी वर्षं जपलेलं गाणं ह्या माणसाच्या खिशात पडून होतं, ह्याचा आनंद झाला की राग आला ते तिचं तिलाच कळेना.

दुपारी गाणं लागलं. पहिल्या ओळीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही, पण हातांनी दिलं. टेबलाटेबलावरच्या इस्त्र्या एका चालीनं चालू लागल्या. डावं टोक ते मध्य, उजवं टोक ते मध्य. बाहीवाली असो की छातीची पट्टी करणारी असो, सगळ्यांना तो ठेका सोयीचा पडला. मग वाद्यं गप्प झाली. गाणारी थांबली. आणि कुणी न सांगता सगळ्या बायकांच्या इस्त्र्या वर गेल्या. घडीवालीचा हात घडीत घालायच्या पुठ्ठ्यावर तसाच राहिला. त्या विभागात एवढ्या बायका एकदम थांबलेल्या मास्तरणीनं कधी बघितल्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सुखात होती, उगाच कशाला दुसरं काही म्हणायचं? आणि कडव्यातले शब्दही सगळे बरोबर निघाले, तिनं पदरचा एकही घातलेला नव्हता.

"कुठलं गं हे?" घडीवालीनं विचारलं.

"आहे एक. पास का?"

"पास. आणि रडू पण नाही आलं बघ."

मास्तरणीला वाटलं, आपण उगाच लपवून ठेवलं इतके दिवस.

घोटाळा इथंच झाला. त्या दुपारी विभागातून माल नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त निघाला. सुपरवायझरनं वर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब खाली आले. तेच गाणं पुन्हा लावायला सांगून ते भिंतीला टेकून उभे राहिले. साहेबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण हातांतलं सगळं कळत होतं. जाताना ते सुपरवायझरच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यानंतर बाकीच्यांच्या आवडी बंद झाल्या. दुपारभर हेच गाणं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि मध्ये सगळ्या जिथं थांबतात तेवढा तुकडा काढून टाकायचा. सुपरवायझरनं तो फोनवरच कापला. सोपं असतं म्हणे.

हे मास्तरणीला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी गाणं लागलं, ती जागा आली, तिनं इस्त्री वर उचलली, पाठ सरळ केली, श्वास घ्यायला तोंड उघडलं, आणि गाणारी पुढच्या कडव्यात निघूनही गेली होती. तिचा पाय पेडलवरून सुटलेला, टेबलावरची कॉलर घसरलेली, मागून नवा ढीग येऊन पडलेला.

"काय मास्तरीणबाई, गाणं तुमचं आणि तुम्हीच मागे?" सुपरवायझर म्हणाला.

सगळ्या हसल्या. त्यांचं काही चुकलं नाही, वाक्य हसण्यासारखंच होतं. पण तिनं घसरलेली कॉलर पुन्हा टेबलावर ओढली. त्या गाणारीचं तोंड कुणीतरी दाबलंय असं तिला वाटलं, आणि तिला ह्यांच्या हवाली कुणी केलं, तर मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. माल वाढला तसं टार्गेट वाढलं. आधी जे जास्तीचं होतं ते आता नेहमीचं झालं, आणि त्याहून कमी निघालं की बोलणी. बायकांची मनगटं सुजली, पाठी धरल्या. मॅनेजरला शिव्या देता येत नाहीत. म्हणून त्यांनी गाण्याला दिल्या. आणि गाण्याला शिव्या द्यायच्या म्हटलं की गाणं आणणारी बाई समोरच उभी होती.

"तुझ्या गाण्यानं जीव काढला बाई," घडीवाली डबा उघडता उघडता म्हणाली. "माझ्या रडक्या गाण्यात निदान हात तरी सावकाश चालत होता. कशाला सांगितलंस हे? काहीही सांगायचं होतंस."

"मला ऐकायचं होतं गं."

"मग ऐक आता."

घडीवाली टोचून बोलणारी नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या दिवशी मास्तरणीनं अर्धा डबा तसाच घरी नेला.

घरी तरी कुठं सुटका होती? सासूबाईंची मालिका चालू, तिच्या डोक्यात गाणं चालू, आणि तेही कापलेलं. भांडी घासताना ती मुद्दाम हळू गुणगुणून बघायची, आता थांबायचं, आता श्वास घ्यायचा. पण गाणं तिला ओढून पुढं न्यायचं. कधी थांबणं जमायचं, कधी नाही. न जमण्याचे दिवस वाढायला लागले तेव्हा ती घाबरली. एक दिवस कामावर इस्त्री सोडून ती तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. केबिनमध्ये पंखा होता, चांगला जोरात फिरणारा.

"साहेब, ते गाणं बंद करा."

"का? स्पीकर बिघडलाय?"

"स्पीकर चांगलाय. गाणं माझं आहे. मला ते परत पाहिजे."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसे हसले. "अहो बाई, गाणं म्हणजे काय जेवणाचा डबा आहे, परत घेऊन जायला? आणि आम्ही तुमच्या आवडीचा मान ठेवलाय. सगळ्या विभागात तुमच्या एकटीच्या. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती."

"माझी आवड आहे म्हणूनच म्हणतेय."

"मला काही समजलं नाही."

समजावून तरी काय सांगणार? तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं. "बरं, मग मधला श्वास तरी परत घाला."

"तिथं सगळ्या थांबतात."

"हो ना. थांबतात."

दोघंही एकच गोष्ट सांगत होते आणि बोलणं एक पाऊल पुढं सरकत नव्हतं. शेवटी साहेबांना कंटाळा आला. "असं करा, असंच चालणारं दुसरं एखादं आणा," ते म्हणाले. "तुमची निवड चांगली आहे, हे मी मानतो. तेवढाच माल निघाला तर हे बंद करतो. नाही निघाला तर हेच चालू राहील."

इकडे आड तिकडे विहीर. एक आवडतं सोडवायचं तर दुसरं आवडतं द्यायचं. तिच्याजवळ आणखी दोन-चार गाणी होती. ह्याच्याइतकी जवळची नाहीत, पण तिची होती. एक बहीण वेणी घालताना म्हणायची ते, एक पहिल्या पगाराच्या दिवशी बसस्टॉपवर कुणाच्या तरी दुकानातून ऐकू आलेलं. संध्याकाळी गॅसशी उभी राहून ती एकेक मनात घेऊन बघत होती आणि परत ठेवत होती. कुठल्या तोंडानं द्यायचं? बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं टीव्ही ताब्यात घेतला आणि ढोल सुरू झाला. हे हे, हे हे.

ती उलथनं हातात घेऊन तशीच उभी राहिली. हेच द्यायचं. ह्या गाण्यात इस्त्रीखाली जळण्यासारखं आहे काय? लोकांनी शिव्या घातल्या तर उलट बरंच. आणि जे मुळात आपल्याला आवडतच नाही ते आपल्याकडून कोण कसं हिसकावून घेणार? तिला हसू आलं.

"काय झालं?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं.

"काही नाही. तुमच्या ह्या गाण्याची पहिली ओळ काय हो?"

त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं सगळं गाणंच म्हणून दाखवलं.

दगड फोडायचं मशीन कारखान्यात असं काही चाललं की साहेब पुन्हा खाली आले. त्यात थांबायची जागाच नव्हती, त्यामुळे कापाकापीही नको. आणि बायकांना ते चक्क आवडलं. 'हे हे' आलं की सगळा विभाग एका आवाजात साथ द्यायचा, घडीवालीसुद्धा. "आधीच हे का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं आणि आपल्या डब्यातला मोठा वाटा मैत्रिणीपुढे सरकवला. टार्गेट होतं तिथंच राहिलं, मनगटं दुखायची तशी दुखतच राहिली, पण शिव्या थांबल्या. साहेबांनी शब्द पाळला. तिचं गाणं बंद झालं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या आवडीचं गाणं हिच्या कंपनीत वाजतं, असं तो पंप उघडता उघडता गिऱ्हाइकांना सांगायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मालिकेचंही एक गाणं आहे, तेवढं सांग तुझ्या साहेबांना."

मास्तरीण मनातल्या मनात स्वतःवर खूश होती. सुंठीवाचून खोकला गेला होता. आता तिनं ठरवलं, आपल्या गाण्याला जरा पडू द्यायचं. राबवून राबवून दमलंय ते. गुणगुणायचं नाही, आठवायचं नाही, आजारी माणसाच्या खोलीत आपण उगाच जात नाही तसं. कामावर तिच्या हातांना ढोल पुरेसा होता. डावं टोक ते मध्य, हे हे, उजवं टोक ते मध्य, हे हे.

हवा गार झाली. एका सुट्टीच्या दिवशी सासूबाई लेकीकडे गेल्या आणि नवरा कुणाच्या तरी पंपासाठी बाहेर पडला. घर रिकामं आणि टीव्ही बंद, असं दोन्ही एकदम ह्या घरात कधी झालं नव्हतं. तिनं हातातलं काम टाकलं, सासूबाईंच्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. आता पुरे झाली विश्रांती, ये बाई, असं म्हणून तिनं आपल्या गाण्याला हाक मारली.

पहिली ओळ आली. दुसरी आली. तिला हायसं वाटलं. मग ठेका जरा जड झाला, आणि चालणारा माणूस धावायला लागला. ती सावध झाली, खुर्चीत ताठ बसली. वाद्यं गप्प झाली. आणि त्या जागेत, जिथं काहीच नसायचं, तिथं 'हे हे' आलं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. उठून पाणी प्यायली, खोलीत फेऱ्या मारल्या, मोठ्यानं म्हणून बघितलं. तोंडानं श्वास घेतला तर कानात शिट्टी वाजली. जागा मोकळी होती म्हणूनच तिथं ते घुसलं होतं, हे तिला कळत होतं, पण कळून उपयोग काय? घाबरून ती पुन्हा खुर्चीत बसली आणि पुन्हा पहिली ओळ धरली.

"धरलास की नाही शेवटी ताल?" नवरा दारात उभा होता. तिनं खाली बघितलं तर तिचा हात मांडीवर ढोल वाजवत होता.

"ते नाही हो. दुसरं गाणं आठवत होते," ती म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं. सिनेमा, बहीण, श्वास, कॉलर, साहेब, सगळं. त्याच्या गाण्याला काय समजून पुढं केलं तेही. तो बिचारा दाराजवळच खाली बसून ऐकत होता. मध्ये एकदाही हसला नाही.

"एवढं होतं तर मला आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "माझ्या फोनवर मिळालं असतं की." त्यानं हात पुसले आणि फोन काढला. "ओळ सांग."

तिच्या जिवात जीव आला. खरंच की, गाणं आहे तिथं आहे, अख्खं आहे. कानांनी एकदा नीट ऐकलं की डोक्यातला कचरा आपोआप निघेल. तिनं ओळ सांगितली. तो तिच्या खुर्चीशेजारी येऊन बसला आणि त्यानं गाणं लावलं, न कापलेलं. ताल धरू नये म्हणून त्यानं हात बगलेत धरले होते. गाणारी कपडे भरत होती, शांतपणे गात होती. ठेका चालणाऱ्या माणसाचाच होता. मग एकेक वाद्य थांबलं आणि त्या बाईनं श्वास घेतला, पूर्वी घ्यायची तसाच, भरून.

"अरे वा," नवरा हलक्या आवाजात म्हणाला. "थांबली."

मास्तरणीचा पाय पेडल दाबावं तसा फरशीवर दाबला गेला होता. त्या शांततेत ती घाईला आली होती. आता पुरे, उचल पुढचं, आपण मागे पडू, असं तिच्या मनात चाललं होतं, आणि तो श्वास कधी संपतोय ह्याची ती वाट बघत होती.

"बंद करा," ती म्हणाली.

"का गं? छान आहे की. तुला आवडतं ना हे?"

"आवडायचं," ती म्हणाली.